मानाची काठी

१२ नोव्हेंबर १९९७, सांगली

सांगलीला येण्याची खरी किंमत आधी लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून फुशारकी नको. दोन कर्णे, एक जुना ॲम्प्लिफायर आणि थोरल्या भावाचा अबोला. कर्णे-ॲम्प्लिफायर उंब्रजच्या पोरांना चालवायला दिले. अबोला मात्र माझ्या एकट्याच्या वाटणीला आला. भाऊ म्हणाला, बायकोच्या माहेरी धंदा मांडणारा माणूस भावकीत ताठ बसत नाही. मी हसून म्हणालो, मी बसायला कुठं चाललोय, मी तर सांगलीला चाललोय. तो हसला नाही.

ही वही मला जुनी सवय आहे. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण कानानं झालं. अठराव्या वर्षी सायकलच्या कॅरिअरला एक कर्णा बांधून धंदा सुरू केला. आज पाटणपर्यंतच्या जत्रा आणि कुस्त्यांची मैदानं माझ्या आवाजावर चालतात. ॲम्प्लिफायर उघडण्याआधी त्याच्या घुमण्यावरून कुठला भाग गेलाय ते सांगतो. माणसाचंही तसंच. खोटं बोलताना माणसाचा आवाज केसभर वर चढतो. दुसऱ्याला कळत नाही, मला कळतो. त्यामुळं आजवर मला कुणी फसवून गेलेलं नाही. समोर नाही आणि फोनवरही नाही.

आता इथं कसा आलो ते. माझा मेहुणा मानसिंग पलूसचा, कुस्तीच्या मैदानांचा निवेदक. त्यानं पैलवानाचं नाव पुकारलं की पलीकडच्या उसातली पाखरं उठायची. ऑगस्टात त्याचा आवाज बसला तो बसलाच. मिरजेचे डॉक्टर झाले, काढे झाले. नुसती फुसफुस राहिली. भाऊबिजेला त्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं की सांगलीत एसटी स्टँडमागं व्हिडिओ गेमचं दुकान घेतोय, दाजी तुम्ही सांभाळा, आवाजाची बाजू तुमच्याइतकी कुणाला कळत नाही. शालन, माझी बायको, आईच्या दुखण्यासाठी सप्टेंबरपासून पलूसलाच होती. तिलाही हे नवीनच. ती म्हणाली, दादाचं डोकं फिरलंय. मग म्हणाली, पण जाऊया.

दुकानावर दोन खोल्या आहेत. जिना लाकडी, प्रत्येक पायरीचा सूर वेगळा. मला घर आवडलं.

१४ नोव्हेंबर

उद्घाटन झोकात झालं. तीन टीव्ही. दोघांवर नेहमीचे मोटारीचे आणि मारामारीचे खेळ. तिसरा मोठा, त्याच्यावर जपानी खेळ. हा आधी पलूसला मानसिंगच्या ओसरीवर होता, वाईचा सुमंत नावाचा माणूस तो चालवायचा. बोटीवर नोकरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्यानंच आणलेला. आता तो आजारी, घरी असतो म्हणे.

नारळ फोडल्यावर मानसिंगनं मोठ्या टीव्हीला दोन रिमोट जोडले. एक स्वतः धरला, दुसरा नव्या उपरण्यावर ठेवून माझ्यापुढं केला आणि फुसफुसला, दाजी, जावयाचा मान हाय, दोनी हातांनी घ्या. मी म्हटलं, अरे मला कुठं खेळता येतंय. तेवढ्यात शेजारचा सायकलवाला बाळासो ओरडला, “आवं पाव्हणं, सासुरवाडीचा मान आन् न्हाई म्हंताय व्हय?” सगळे हसले. सासुरवाडीनं पुढं केलेलं पागोटं असो नाहीतर नारळ, जावयानं नको म्हणायचं नसतं. घेतला. दोन्ही हातांनी.

पडद्यावर पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा कंबरेत वाकला आणि त्यानं हातातली काठी गवती टोपीवाल्या एका माणसाला दिली. टोपीवाल्यानंही ती दोन्ही हातांनी घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा रिमोट मानसिंगनं लगेच उपरण्यात गुंडाळून ठेवला. खेळायला एकच पुरतो म्हणाला.

आणि खरी मौज पुढं. चहा आला तेव्हा मानसिंग सहज म्हणाला, “दाजी, च्या घ्या की!” सगळे वळून बघायला लागले. फुसफुस नव्हती ती, मैदानावरचा आवाज होता, पूर्वीचा! काढ्यांचा गुण, दुसरं काय. शालन रडायलाच लागली. म्हणाली, दादाच्या आवाजावर आमचं घर उभं ऱ्हायलं, तुमचं बरं, तुमचं काम कानावर चालतं. मी तिला पेढा भरवला.

२१ नोव्हेंबर

धंदा चांगला आहे. कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून, दुपारी तर बाळासोच दुकान उघडं टाकून येतो.

जपानी खेळ मलाही लागलाय. डोंगरउतारावर एक गाव. पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी पायात घुंगरू बांधून वरच्या देवळाकडं निघालेली. वाटेत लाल लाकडाच्या सात कमानी. खेळातला दिवस असेतो गावच्या माणसांना कामं वाटायची, याला कुऱ्हाड, त्याला धनुष्य, कुणी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं. खेळातला सूर्य बुडाला की कमानीतून भुतं निघतात आणि मग धुमश्चक्री. एक पाण्यातलं पोर आहे, त्याच्या टाळूवर वाटीभर पाणी. आपल्या कृष्णेच्या आसरांच्या नात्यातलं असावं. एका बाईची मान कासराभर लांब होते. एक तर नुसती जुनी छत्री, एका पायावर उड्या मारणारी. बाळासो म्हणतो, ही आमच्या मास्तरांची, गेल्या साली एसटीत राहिली ती.

माणूस नुसता बळानं मारत सुटला तर हरतो. कुणाला कुठं उभं करायचं हे ज्याला कळतं तो जिंकतो. माझ्यासारख्याचाच खेळ.

आज पहिली कमान पार झाली. कॉलेजच्या पोरांनी केली.

२ डिसेंबर

एक गंमत. माइक तपासताना मी कधी हॅलो हॅलो करत नाही, शीळ घालतो. पुढचा दात अर्धा तुटका आहे, त्यामुळं शिळेचा तिसरा सूर जरा खाली पडतो. उंब्रजची पोरं त्यावरनं मला ओळखतात. आज स्पीकरचे नवे बॉक्स जोडले, शीळ घालायला गेलो तर नुसती हवा. दिवसभर प्रयत्न केला. शालन म्हणाली, थंडीनं ओठ फुटले असतील, तूप लावा.

लावलं.

९ डिसेंबर

बाळासो दचकून ओरडला, “मांजरागत काय येताय वो? पायात कापूस घातलाय जनू!” मी हसलो. मग जिना चढून बघितला. दोनदा चढलो. शालन चढते तेव्हा प्रत्येक पायरी बोलते. माझ्या पायाखाली एकही बोलत नाही.

पोरांनी काल दुसरी कमान पार केली. तारखा जुळवून पाहिल्या. पहिली कमान, मग शीळ. दुसरी, मग पावलं. मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. योगायोग म्हणून लिहून ठेवतो.

१३ डिसेंबर

आज दुपारी बॉक्सचा आवाज वाढवला आणि एकटा ऐकत बसलो. गवती टोपीवाल्याला जागा नेमून दिली की तो शीळ घालतो. आधी घालत नव्हता. तिसरा सूर खाली पडतो.

चौदा वेळा ऐकली. माझी आहे.

दुसरा एक माणूस, भालेवाला, उत्तर देण्याआधी दोनदा खोकतो. बाळासोला विचारलं. तो म्हणाला, ह्यो तर सुमंतचा खोकला, पलूसला असाच खोकायचा, खेळात भरला का काय त्यानं!

तिसरी कमान पार झाली आहे. माझी टाळी वाजत नाही.

१६ डिसेंबर

मानसिंग आला होता. विट्याकडच्या मैदानावरनं, फेटा बांधूनच. त्याला सगळं सांगितलं, शीळ, पावलं, टाळी. तो मोठ्यानं हसला, दाजी, तुमच्या कानात कर्णा बसलाय, जरा विश्रांती घ्या म्हणाला. हसणं मोकळं वाटलं. मीही हसलो.

म्हणजे तोंड उघडलं, खांदे हलले. बाहेर काही आलं नाही. मानसिंगनं ते बघितलं आणि नजर टीव्हीकडं वळवली. “चौथी झाली वाटतं,” एवढंच म्हणाला.

मी त्याला कमानींचं बोललोच नव्हतो.

१८ डिसेंबर, वाई

पहाटेची एसटी पकडून वाईला आलो. सुमंतचं घर शोधलं. त्याच्या आईनं दार उघडलं, चांगली बोलकी बाई. सुमंत खिडकीशीच बसला होता, तिशीचा माणूस, अंगानं धडधाकट. आईनं चहा आणला. दोन कप. एक मला, एक तिला. मी सुमंतकडं पाहिलं तेव्हा ती म्हणाली, अगो बाई, हा पण आहे नाही का. आणि बोलता बोलता पुन्हा विसरली.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला भिंतीतला वाळवीचा आवाज येतो. या माणसाचा श्वास ऐकू येत नव्हता. त्यानं स्टीलचं फुलपात्र फरशीवर ठेवलं, नव्हे टाकलंच माझ्यासाठी. ते गरगरलं आणि थांबलं. काहीही ऐकू आलं नाही.

मग त्यानं पाटी घेतली. दोन तास लिहीत होता आणि पुसत होता.

कमान पार झाली की ज्याच्या हातात काठी त्याचा एक आवाज मुलीच्या घुंगरांत जातो आणि खेळातल्या माणसांच्या तोंडून निघतो. सातवीनंतर माणूस उरतो, पण कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्याच्या सातही झाल्या, मग खेळ नव्यानं सुरू झाला आणि पहिलं बटण मानसिंगनं दाबलं. मानसिंगचा तर आधी आवाजच गेला. खेळाची कॅसेट फोडायची नाही, फोडली तर आत गेलेलं आतच राहतं. सुटका एकच. दुसऱ्या रिमोटवरनं काठी कुणीतरी राजीखुशीनं, दोन्ही हातांनी घ्यायची. मग आधीच्याचं सगळं परत येतं. आणि नव्याची सातवी कमान पार झाली की ते परत आलेलं कायमचं होतं. दिलेल्याला पुन्हा घेता येत नाही.

मी विचारलं, हे मानसिंगला माहीत होतं?

त्यानं लिहिलं, ऑगस्टातच. याच पाटीवर.

१९ डिसेंबर

एसटीत कंडक्टरनं माझ्याकडं तिकीट मागितलं नाही. दोनदा शेजारून गेला.

जावयाचा मान! नवं उपरणं, नारळ, पेढे. वीस मैदानांवर मी त्याला माइक धरून दिला, पावसात कर्ण्यावर स्वतःची छत्री धरली. आणि त्यानं माझ्यासाठी आहेर काय शोधून काढला तर हा. बाहेरच्या माणसानं नाही म्हटलं असतं. म्हणून घरचा निवडला.

बाळासो सांगत होता, तुमचं मेव्हणं काल दिवसभर खेळत बसलं हुतं, जेवलं पण न्हाईत, पाचवी करूनच उठलं.

उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज गेलाय.

२० डिसेंबर

शालनला सगळं लिहून दिलं. आठ पानं. तिनं सावकाश वाचली, एकदा नाही दोनदा. रडली नाही. म्हणाली, दादा असं करील असं वाटलं न्हवतं. आवाज अगदी सरळ होता, केसभरसुद्धा हलला नाही. मला बरं वाटलं. निदान एक माणूस माझ्या बाजूचं आहे.

कॅसेट काढून वर आणली. पिठाच्या डब्यात पुरली. फक्त तिला दाखवली.

२२ डिसेंबर

सकाळी खाली गेलो तर कॅसेट मशीनमध्ये. पीठ पुसलेलं. मानसिंग समोर बसलेला. त्याला धरून उठवायला गेलो, तो माझ्यापेक्षा दीडपट. म्हणाला, दाजी, हात नका लावू, मला लाज वाटती तुमच्याकडं बघायला, पण ह्या हंगामात तीस मैदानं हायेत. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बटणं दाबायची थांबली नाहीत.

शालन म्हणाली, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, दादानं मागितली, मला सुचलं नाही. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, दुसरा रिमोट पलूसला हाय. म्या आणते. म्याच घेते काठी, दोनी हातांनी. माझा आवाज गेला तर कुनाचं काय अडतंय.

आता मीही पाटी जवळ ठेवतो, तिच्यावर लिहिलं, नको. तिनं पुसलं.

मग मी मानलं. ते लिहून ठेवतो. मी नको म्हणून पुन्हा लिहिलं नाही.

२४ डिसेंबर

दरवाजा ठोठावला तर वाजत नाही. ताट आपटलं. वाजलं नाही. सहावी.

शालन पलूसची गाडी चुकली म्हणाली. उद्या जाते.

२६ डिसेंबर

बाळासो टीव्हीपुढं उकिडवा बसून होता. मला म्हणाला, मला करा की एकदा त्या खेळातल्या गावचा कारभारी, ती काठी घ्यायची लय हौस हाय — आणि खरोखर दोन्ही हात पुढं केले. ओंजळ करून. तेल लागलेले, सायकलवाल्याचे हात.

दुसरा रिमोट जवळ नव्हता म्हणून वाचला. असता तर — मी नाही दिला असता. असं लिहितो. खरं असावं.

शालन आजही गेली नाही. आईला ताप आहे म्हणे, निरोप आला.

बॉक्समधनं माझं हसणं ऐकू येतं. पोरांना आवडतं. पुन्हा पुन्हा लावतात.

२७ डिसेंबर

बाळासोनं आज मला ओलांडून मानसिंगला विचारलं — दाजी कुठं गेलं? मी मधेच उभा होतो.

जरा वेळानं दिसलो त्याला. “आरं हितंच की!” म्हणाला. घाबरला थोडा. मग विसरला.

सातव्या कमानीशी गाव अडलंय. मानसिंगला जमत नाही. दोनदा हरला. जमेल.

२८ डिसेंबर

शालननं दुपारी एकटीचं ताट वाढून घेतलं. दोन घास खाल्ले. मग माझ्याकडं बघितलं आणि — बघत राहिली. अनोळखी माणसाकडं बघतात तसं. मग घाईनं उठून दुसरं ताट आणलं.

उद्या नक्की पलूस. सकाळच्या गाडीनं. दोनला परत. शपथ घेतली तिनं.

२९ डिसेंबर

गेली. मी जिन्यावरनं ऐकली तिची पावलं, शेवटपर्यंत —

अकरा. खाली मानसिंग बसलाय. मैदानावरच्यासारखी जोड पुकारतोय, भाल्याला हितं, कुऱ्हाडीला तितं, पोरं ओरडताहेत. मुलगी कमानीच्या पायरीवर आहे. घुंगरांत मी आहे, सगळा —

दोनपर्यंत टिकायचं.

थंडी वाजते. शाल पाहायला तिची ट्रंक उघडली. ट्रंकेचं झाकण पडलं, वाजलं नाही —

लुगड्यांखाली उपरणं. नवं. उद्घाटनाचं.

त्यात रिमोट.

पलूसला नाहीच. इथं. माझ्या उशापासून चार हातांवर, दीड महिना —

खिडकीतून बाळासो दिसतो. चिठ्ठी टाकली तर धावत येईल. दोन्ही हात पुढं — नाही. त्याला नाही. एवढं तरी —

उपरण्याच्या घडीत एक कागद आहे. दुकानाची भाडेचिठ्ठी. मानसिंगचं नाव कुठंच नाही. भाडेकरू शालन. सही तिची, वळणदार. सांगली, तारीख १९ सप्टेंबर. भाऊबिजेच्या दीड महिना आधी.

तेव्हा मी उंब्रजला. पलूसला शेजाऱ्यांकडं रोज फोन करायचो. त्या दिवशीही केला होता. ती म्हणाली, दिवसभर आईच्या उशाशी होते, उंबरा ओलांडला नाही. मी ऐकलं. नीट ऐकलं. आवाज केसभरही —